झोपेचे शास्त्र खानदेशात केव्हा पोहोचणार?

वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने पाच वर्षांत किमान ३० तास नवे ज्ञान मिळविण्यासाठी खर्च केले पाहिजेत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली आपल्या आचारनियमांत लिहून ठेवले. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीचे नूतनीकरण करताना याच ३० तासांचा हिशेब मागते. पाच वर्षांत ३० तास म्हणजे महिन्याकाठी अवघा अर्धा तास. ज्या शास्त्रातील कालचे उपचार आज मागे पडतात, त्या शास्त्राच्या उपासकांकडून समाजाने एवढी अपेक्षा ठेवावी, हे मागणे फार झाले असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो हा अर्धा तास कशात जातो, हा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वैद्यकवर्गापुढे, आणि त्याच्या शिक्षणाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांपुढे, आम्ही आज हा प्रश्न एका विशिष्ट विषयाच्या संदर्भात मांडू इच्छितो. तो विषय आहे झोप.

हा शब्द वाचून काही वाचकांस हसू येईल. दुष्काळ, कापसाचा भाव, केळीवरील रोग असे ज्वलंत प्रश्न सोडून पहिल्या पानावर झोपेची चर्चा कसली, असेही कोणी विचारील. परंतु मनुष्य आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या अवस्थेत घालवितो, त्या अवस्थेत त्याच्या शरीरात काय चालते हे वैद्यकशास्त्राला अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक झाले ते आपल्या गावच्या दवाखान्यापर्यंत अद्याप धड पोहोचलेले नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खचितच नव्हे.

या शास्त्राचे वय पाहा. झोपेत डोळ्यांच्या वेगवान हालचालींची एक निराळी अवस्था असते, हे शिकागोच्या अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवून दिले. झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुनःपुन्हा बंद पडणे, ज्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, त्याचे यथार्थ वर्णन फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी १९६५ साली केले. त्यावरील आजचा प्रमुख उपचार, म्हणजे नाकावर मुखवटा लावून हवेच्या सौम्य दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणला. म्हणजे आज साठीच्या घरात असलेले आपले डॉक्टर महाविद्यालयात शिकत होते, तेव्हा हा उपचार नुकता कोठे जन्मास आला होता. त्यांना तो कोणी शिकविला नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांनाही झोप ही बहुधा शरीरक्रियाशास्त्राच्या एखाद्या प्रकरणातच भेटली. हृषीकेशच्या एम्समध्ये या विषयाची स्वतंत्र डी. एम. पदवी आता मिळू शकते. पण हृषीकेशच्या पदवीधराने यावल किंवा साक्रीच्या रुग्णास भेटावे, हा योग काही लवकर येणार नाही. यावल-साक्रीच्या रुग्णास जो भेटतो तो तेथला सर्वसाधारण डॉक्टर, तेथला वैद्य, तेथली परिचारिका. शिकवावयाचे आहे ते त्यांना.

गंमत अशी की, आपल्या जुन्या वैद्यकाने या विषयाची अशी उपेक्षा केलेली नव्हती. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांस शरीराचे तीन आधारस्तंभ म्हटले. आणि सूत्रस्थानाच्या ज्या एकविसाव्या अध्यायात त्याने अतिस्थूलतेचे दोष सांगितले, त्याच अध्यायात निद्रेचाही विचार केला. स्थूलता आणि बिघडलेली झोप यांची जोडी आजच्या निद्रावैद्यकास चांगली परिचित आहे. चरकाला सारे काही आधीच ठाऊक होते, असा पोकळ अभिमान आम्ही येथे मिरवू इच्छीत नाही. खेड्यापाड्यांत प्रथम गाठला जाणारा आयुर्वेदाचा पदवीधर या विषयास परका नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

आता रोगाकडे वळू. घरातील कर्ता पुरुष रात्री मोठमोठ्याने घोरतो. घरची माणसे त्यावरून थट्टा करतात, त्यास कुंभकर्ण म्हणतात, आणि गडी दिवसभर राबला म्हणून गाढ झोपला आहे असे समजतात. वस्तुतः तो गाढ झोपलेलाच नसतो. घोरणे मध्येच थांबते, दहा, वीस, तीस सेकंद श्वास बंद पडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि एका मोठ्या आचक्याबरोबर श्वास पुन्हा सुरू होतो. असे तासात पाचांहून अधिक वेळा घडले, तर तो रोग समजतात. तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडले, तर तो तीव्र स्वरूपाचा रोग होय. रुग्णास स्वतःस यातले काहीच आठवत नाही. सकाळी डोके जड वाटते, दिवसा बसल्या जागी डुलकी येते, औषध घेऊनही रक्तदाब उतरत नाही. पुढे हृदयाची लय बिघडते, पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, शंभरातील सात-आठ जणांत हा विकार लक्षणांसह आढळल्याचे नमूद केले. दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी भारतातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०२३ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार देशातील सुमारे ११ टक्के प्रौढांस, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांस, तो असावा. यांतील बहुतेकांना आपण रोगी आहोत याचा पत्ताच नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही नाही, कारण डॉक्टरने विचारलेले नाही.

खानदेशास या अज्ञानाची किंमत इतरांहून अधिक पडते, असे आमचे मत आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. रावेर-यावलची केळी मालमोटारींत भरून उत्तरेच्या बाजारांकडे निघते. केळी नाशवंत, म्हणून चालकाने थांबून चालत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घालून दिली होती. रस्त्यावर ती कितपत पाळली गेली, हे लळिंगचा घाट उतरणारा कोणताही चालक सांगेल. पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळानुसार झोपेच्या सर्वाधिक ओढीची. त्यात चालकास अ‍ॅप्नियाचा विकार असेल तर त्याच्या हातून अपघात होण्याचा संभव सुमारे अडीचपट होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. आणि त्याच्या परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो, त्या नमुना १-अ मध्ये डॉक्टरने काय पाहावयाचे? दृष्टी, श्रवण, हातापायांतील व्यंग, रातांधळेपणा. घोरतोस काय, दिवसा डोळा लागतो काय, हे विचारण्यास त्या कागदावर जागाच नाही! तथापि जो डॉक्टर या विषयाचे दोन तास जरी शिकला असेल, तो कागदावर जागा नसतानाही हा प्रश्न विचारील. कायदा बदलण्याची वाट त्यास पाहावी लागणार नाही.

भुसावळचेही तेच. मध्य रेल्वेच्या या विभागीय ठाण्यात गाडीचालक, गार्ड, पॉइंट्समन, दुरुस्तीचे कामगार रात्रीचा दिवस करतात. सलग किती रात्रपाळ्या द्याव्यात, हा रेल्वे प्रशासन आणि चालकांच्या संघटना यांच्यातील जुना वाद आहे. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात तीन पाळ्या, वरणगावच्या आयुधनिर्माणीत पाळ्या. आणि ज्याला कोणी पाळीचा कामगार म्हणत नाही, तो आपला शेतकरी? शेतीपंपांना आठवड्यातील काही दिवस रात्रीची वीज मिळते, म्हणून त्याने रात्री अंधारात, साप-विंचवांत आणि बिबट्याच्या भयात पाणी भरावयास जावयाचे, आणि सकाळी पुन्हा कामास लागावयाचे. शेतीस दिवसा वीज मिळावी, ही मागणी आजवर सोयीची आणि सुरक्षिततेची म्हणून मांडली गेली. ती आरोग्याचीही मागणी आहे, हे डॉक्टरांनी अधिकारवाणीने सांगितले तर तिला निराळे वजन येईल. मे महिन्यातील खानदेशच्या उकाड्याबद्दल तर बोलावयासच नको. धाब्याच्या घरांवर रात्री अंग टाकण्याची सोय होती. सिमेंटच्या स्लॅबखाली मध्यरात्र उलटली तरी भिंतींतील धग निवत नाही.

पण आम्हांस सर्वांत अधिक चिंता वाटते ती गोळीची. झोप येत नाही अशी तक्रार घेऊन रुग्ण दवाखान्यात आला, की बाहेर पन्नासजण ताटकळत असल्याने डॉक्टर गोळी लिहून देतो. ती आठवड्यासाठी दिलेली गोळी पुढे वर्षानुवर्षे चालते; रुग्ण औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवितो, कित्येकदा तीही दाखवीत नाही. अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ च्या मार्चपासून एच-१ परिशिष्टात आहेत; त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. असे असूनही धुळ्याच्या शेजारी मालेगावात अल्प्राझोलॅमच्या गोळीला 'कुत्ता गोळी' हे नाव पडावे आणि तरुण पोरांनी ती नशेसाठी खावी, इथवर मजल गेली. तो भाग पोलिसांचा म्हणून बाजूस ठेवू. दवाखान्यात रीतसर लिहून दिलेल्या गोळीचे काय? जो मनुष्य अ‍ॅप्नियामुळे रात्री नीट झोपत नाही, त्याला निदान न करता झोपेची गोळी देणे म्हणजे बुडणाऱ्यास जागे करणारा हातच दाबून धरण्यासारखे आहे. श्वास अडकताच मेंदूने जी जाग आणावयाची, ती गोळीने मंदावू शकते. आणि ज्यास केवळ निद्रानाश आहे, त्याच्यासाठीही गोळी हा पहिला उपाय नव्हे. दीर्घकाळच्या निद्रानाशावर प्रथम विचार आणि सवयी यांत पद्धतशीर पालट घडविणारी वर्तनचिकित्सा करावी, असा स्पष्ट सल्ला अमेरिकेतील अंतर्वैद्यकाच्या महाविद्यालयाने २०१६ साली दिला. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, झोप येत नसता अंथरुणात तळमळत न राहणे, अंथरुणातील एकूण तास प्रथम कमी करून मग वाढविणे, असे तिचे सोपे परंतु शिस्तीचे नियम आहेत. परिचारिकेस थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणाने ती शिकविता येते.

मग ती शिकविली का जात नाही? याचे उत्तर कटू आहे, पण ते दिले पाहिजे. डॉक्टरांच्या शिक्षणाचे मेळावे कोठे भरतात, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांत त्यांतील किती वेळ जातो, आणि भोजनाचा खर्च कोण सोसतो, हे या व्यवसायातील मंडळी आमच्याहून अधिक चांगले जाणतात. ज्या विषयामागे विकावयाचे औषध असते, त्या विषयास व्याख्याता मिळतो, सभागृह मिळते आणि गुणांकही मिळतात. अंथरुणातील तास कमी करा, या सल्ल्याची जाहिरात कोणती कंपनी करणार? चांगले वर्ग भरविणारे, स्वतःच्या खिशास खार लावून शिकविणारे अध्यापक या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांचा आम्ही अधिक्षेप करीत नाही. परंतु विषयांची निवड बाजाराने करावयाची आणि वैद्यकाने ती मान्य करावयाची, ही रीत त्यांनाही रुचत नसेल, अशी आमची खात्री आहे.

स्त्रियांच्या एका तक्रारीचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. रात्री अंथरुणावर पडले की पायांत विलक्षण वळवळ सुरू होते, पाय हलविल्याशिवाय, कोणी चेपल्याशिवाय चैन पडत नाही, आणि झोप उडते. घरात याला थकवा म्हणतात, दवाखान्यात वात किंवा मनाचा खेळ. हा अस्वस्थ पायांचा विकार आहे आणि शरीरातील लोहाच्या कमतरतेशी त्याचे निकट नाते आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे निदानाची गुरुकिल्ली आपल्या हातात आहे. रक्तातील फेरिटिन तपासावे आणि लोह द्यावे, इतके साधे काम. तसेच सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत, पावरा आणि भिल्ल मुलांमध्ये सिकलसेलचा आजार आहे. अशा मुलांत झोपेतील श्वासाचे अडथळे आणि प्राणवायूची रात्रीची घट अधिक आढळते, आणि ती त्यांच्या रोगास आणखी बिघडवू शकते. सिकलसेलची तपासणी गावोगाव होत आहे, ही समाधानाची गोष्ट. त्याच वेळी आईला, 'मूल तोंडाने श्वास घेते काय, रात्री घोरते काय' एवढे विचारावयास आशा कार्यकर्तीस शिकविले, तर सरकारचा एक पैसाही अधिक खर्च होणार नाही. हे विचारणे मात्र आईच्या भाषेत झाले पाहिजे. 'रातले घोरस का?' असे अहिराणीत विचारलेल्या प्रश्नास जे उत्तर मिळते, ते इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरास मिळत नाही. पावरीत आणि लेवा बोलीतही हे प्रश्न तयार झाले पाहिजेत, आणि ते काम मुंबईस बसून होणारे नाही.

यावर काही आक्षेप येतील. झोपेच्या तपासणीची यंत्रे महाग, सीपॅप त्याहून परवडेनासे. मग रोग ओळखून करावयाचे काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. वजन उतरविणे, रात्री दारू टाळणे, उताणे न झोपणे, मुलांच्या वाढलेल्या टॉन्सिल्सची वेळीच शस्त्रक्रिया, गोळी बंद करणे, या उपायांस यंत्र लागत नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली आठ प्रश्नांची चाचणी करण्यास एक कागद, रक्तदाबाचे उपकरण, वजनकाटा आणि मान मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. ज्यांचा धोका या चाचणीत अधिक ठरेल, त्यांच्याचपुरती यंत्राची गरज. ती भागविण्यासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांत ही तपासणी नियमितपणे चालली पाहिजे. यंत्र असेल तेथे ते रात्री वापरात यावे, नसेल तेथे ते आणावे. गरीब रुग्णास सीपॅप यंत्र कोणत्या योजनेतून द्यावयाचे, हा सरकारचा प्रश्न आहे, आणि लोकप्रतिनिधींनी तो विधिमंडळात विचारावा.

वैद्यकांच्या स्वतःच्या झोपेबद्दल न बोलता हा विषय संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखविले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. म्हणजे ज्या अवस्थेत मोटार हाकणे गुन्हा, तिच्याहून वाईट अवस्थेत आपण निवासी डॉक्टरास सुई टोचावयास, औषधाची मात्रा ठरवावयास आणि प्रसूती करावयास लावतो! निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग बारा तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगितले. राज्याराज्यांतील निवासी डॉक्टर आजही छत्तीस तासांच्या पाळ्यांविरुद्ध तक्रार करीत आहेत. चोवीस तास आणि त्याहून दीर्घ पाळ्या करणाऱ्या उमेदवार डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक होतात, असे अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रयोगात २००४ साली दिसून आले होते. निद्रावैद्यकाचा पहिला धडा रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी पाळ्यांच्या तक्त्यावर गिरवावा, ही आमची सूचना औद्धत्याची वाटू नये.

आता काय करावे, ते स्पष्ट सांगतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांकडून निद्राविकारांचा एक छोटा अभ्यासक्रम चालवावा. वैद्यक परिषदेने ३० तासांपैकी निदान चार तास या विषयासाठी राखावेत, आणि ते केवळ हजेरीवर न देता, डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांचे टिपण सादर केल्यावरच द्यावेत. या वर्गांस औषधी कंपनीचा पैसा नको. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली यकृताच्या रोगासाठी एक पद्धत सुरू केली. दूरच्या खेड्यातील डॉक्टर आपला रुग्ण पडद्यावरून तज्ज्ञांपुढे मांडतो, आणि उपचार करता करता शिकतो. बंगळुरूच्या निम्हान्सने तीच पद्धत मानसिक आरोग्यासाठी आपल्याकडे चालवून दाखविली आहे. चोपड्याच्या डॉक्टरास ती जळगावहून का मिळू नये? वर्गात आयुर्वेदाचे आणि होमिओपॅथीचे पदवीधर असावेत, परिचारिका असाव्यात, औषधविक्रेते असावेत. परवान्याचे दाखले देणारे डॉक्टर आणि भुसावळच्या रेल्वे रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी यांस तर पहिले निमंत्रण जावे. वर्ग रविवारी सकाळी भरवावेत. मात्र आदल्या रात्री ज्या निवासी डॉक्टरांची पाळी असेल, त्यांस त्या सकाळी वर्गास बोलावू नये.